साडूभाऊंचा लो-कार्ब बार

धाकट्या साडूवर मी जो सूड उगवला, तो भर दुपारी, लातुरात, मांडवाखाली, माईक हातात घेऊन उगवला. सासरचे लोक अजून विचारतात, नंतर वाईट वाटलं का म्हणून. मला वाईट वाटलं नाही. त्या दिवशी परतीच्या गाडीत बऱ्याच दिवसांनी मला गाढ झोप लागली.

मी नांदेडला बस स्थानकावर वाहतूक नियंत्रक आहे. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, गाड्यांच्या वेळा बघायच्या आणि माईकवर सांगायचं, हदगावमार्गे माहूरला जाणारी गाडी फलाटावर उभी आहे. खुर्चीतली नोकरी आणि दिवसभर येणारा गोड चहा. पन्नाशी गाठायच्या आत पोट टेबलाला टेकायला लागलं आणि रक्तात साखर निघाली.

डॉक्टर आमचे स्पष्ट बोलणारे. म्हणाले, "गोळ्या देतो, पण ताट बदलल्याशिवाय भागणार नाही. भात, पोळी, भाकरी, बटाटा, साबुदाणा, पोटात गेल्यावर सगळ्याची साखरच होते. ते कमी करा आणि प्रथिनं वाढवा."

सांगणं सोपं होतं. आमच्या घरात अंडं येत नाही, मटण तर लांबच राहिलं. दोन वेळा ज्वारीची भाकरी आणि वर भात, हे आमचं पिढ्यान् पिढ्यांचं जेवण. पण बायकोनं ते अंगावर घेतलं. ती लातूरची, थोरली लेक. एकदा मनावर घेतलं की मागं सरत नाही. फुलकोबी किसून तिला जिऱ्याची फोडणी द्यायची आणि भात म्हणून ताटात वाढायची. पनीर, मेथी, तूप घातलेला पालक, भाजलेले शेंगदाणे, कारळाची चटणी. भाकरी चतकोरावर आली. पहिले पंधरा दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो, डोकं दुखायचं. मग हळूहळू अंग हलकं झालं. पॅन्ट कमरेत आवळून घ्यावी लागली. साखर खाली आली, डॉक्टरांनी एक गोळी बंद केली. शाळेत कधी नंबर आला नव्हता, नोकरीत कधी सत्कार झाला नव्हता. हे एवढं एक मी करून दाखवलं होतं, आणि त्यात अर्ध्याहून जास्त वाटा बायकोचा होता.

एकच त्रास होता. दुपार कलली की भूक लागायची. केबिनबाहेर वड्यांचा घाणा निघत असायचा आणि त्याचा वास खिडकीच्या फटीतून बरोबर माझ्यापर्यंत यायचा.

अशात एका लग्नासाठी धाकटे साडू नांदेडला आले. बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. लातुरात त्यांची व्यायामशाळा आहे आणि तिला लागून प्रोटीनच्या डब्यांचं दुकान. अंगाला चिकटलेला टी-शर्ट, तोंडात साखर, सासूसासऱ्यांच्या गळ्यातला ताईत. मला बघून ते दारातच थबकले.

"साडूभाऊ, वळखूच आला न्हाई तुम्ही! निम्मे झालाव की!"

त्यांनी मला भिंतीजवळ उभं करून मोबाइलवर फोटो काढला. बायकोकडून माझा जुना, ढेरी सुटलेला फोटोही मागून घेतला. कौतुक चाललंय म्हणून आम्हीही दिला. मग त्यांनी पिशवीतून एक खोकं काढून माझ्या हातात ठेवलं. सोनेरी कागदातले बार. ते पुण्याहून बनवून घ्यायचे आणि त्यावर स्वतःच्या दुकानाचं नाव छापायचे. कागदावर मोठ्या अक्षरांत होतं, लो-कार्ब. खाली, साखर घातलेली नाही. त्याच्याखाली, मधुमेहींसाठी उत्तम.

"दुपारी भूक लागली की एक खायचा," ते म्हणाले. "कार्ब फक्त तीन ग्रॅम. माझ्या भरवशावर खा."

चव चॉकलेटच्या पेढ्यासारखी होती. मी रोज दुपारी एक खायला लागलो. कधी गाड्या उशिरा धावत असल्या आणि सुट्टी लांबली, तर दोन. खोकं संपलं की लातूरच्या गाडीतून दुसरं यायचं.

पुढच्या तपासणीला साखर वर गेलेली. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "काय खाताय?" मी सगळं सांगितलं, बारचं सोडून. लपवायचं म्हणून नाही. ते मला खाण्यात धरायचं सुचलंच नाही, औषधासारखं वाटायचं. डॉक्टरांनी बंद केलेली गोळी पुन्हा चालू केली, त्याच्या पुढच्या खेपेला मोठी केली.

मग धोंड्याचा महिना आला. सासऱ्यांनी दोन्ही जावयांना लातूरला जेवायला बोलावलं. बैठकीत ताटं मांडलेली, भोवती चुलत सासरे, त्यांच्या सुना, शेजारपाजारचे. पुरणाचे धोंडे वाढायला सासूबाई आल्या तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला.

"मामी, नको. साखर वाढलीय."

"वाढली? पर तुम्ही तर लई पथ्यानं ऱ्हाताव म्हणून पोरगी सांगत होती."

मी काही बोलायच्या आत साडू मोठ्यानं हसले. "मामी, साडूभाऊंची ड्युटी कुठं हाय? बस स्टँडावर! तिथं काय कमी हाय? गरम वडा हाय, जिलेबी हाय. घरी मेथी न् बाहेर जिलेबी. साखर वाढंल न्हाई तर काय व्हईल?"

सगळी बैठक हसली. चुलत सासऱ्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. सासरे तेवढे हसले नाहीत, पण म्हणाले, "जावईबापू, तोंडाला आवर घातला पाहिजे हो. बायकापोरांकडं बघून तरी." समजुतीनं, मायेनं म्हणाले. तेच जास्त लागलं.

साडूंनी मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "न्हाई तर माझा बार काय कमी पडला तुम्हाला? माझं गिऱ्हाईक असून असं करताव?"

मी मान खाली घालून जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही.

परतीच्या गाडीत बायको खिडकीकडं तोंड करून बसली.  अहमदपूर मागं पडल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाली, "खरं सांगा. बाहेर खाताव का तुम्ही?"

मी न्हाई म्हणालो. ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. जिनं माझ्यासाठी रोज फुलकोबी किसताना बोटं सोलून घेतली, तिला माझा शब्द खरा वाटत नव्हता. लोहा आलं, नांदेड आलं, घराचं कुलूप निघालं, तरी ती बोलली नाही. बैठकीतल्या हसण्याचं मी कदाचित काही केलं नसतं. पण त्या रात्री तिनं मला जेवायला वाढलं आणि स्वतः आत जाऊन एकटी जेवली, तेव्हा मी मनात ठरवलं, की या माणसाला सोडायचं नाही.

पण आधी मला खात्री करायची होती. मी साखर बघायचं छोटं यंत्र विकत आणलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी बोटाला सुई टोचली, आकडा बघितला, एक बार खाल्ला, आणि काही न खाता घरातच बसून राहिलो. तासाभरानं पुन्हा टोचलं. आकडा दोनशेच्या वर. दुसऱ्या सुट्टीला पनीर आणि मूठभर शेंगदाणे खाऊन बघितलं. जेमतेम हलला. तिसऱ्या वेळी नुसती अर्धी भाकरी खाल्ली. चढला, पण बारएवढा नाही. या तिसऱ्या खेपेला बायको जवळ उभी होती. यंत्रातला आकडा तिनं स्वतः वाचला, मागचे दोन्ही आकडेही त्यात बघितले आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

"मी तुम्हाला चोर समजले," ती म्हणाली.

"तू न्हाई समजलीस," मी म्हणालो. "तुला तसं समजायला लावलं."

डॉक्टरांकडं बारवरचा सोनेरी कागद घेऊन गेलो. त्यांनी पुढची बाजू बघितलीसुद्धा नाही. कागद उलटा करून मागची मुंगीएवढी अक्षरं चष्मा वर करून वाचली. "हे बघा, पहिलंच नाव खजुराचा लगदा. साखर घातली नाही हे खरं, पण खजूर म्हणजे साखरच की. पुढं माल्टिटॉल. गोडीसाठी घालतात. त्याला कायद्यानं साखर म्हणत नाहीत, पण रक्तातली साखर त्यानं चढते. साध्या साखरेपेक्षा थोडी कमी, पण चढते. एकूण कार्ब बघा, चांगल्या भाकरीएवढे आहेत. त्यातून तंतू वजा केले, माल्टिटॉल सगळं वजा केलं, खजुराचं अर्धं कुठं गेलं ते देवाला माहीत, आणि वर छापलं तीन."

"म्हणजे असले बार खायचेच नाहीत?"

"असं कसं म्हणू? काही बरे असतात. दाणे, बदाम, दुधातलं प्रोटीन, गोडी कमी. पण पुढं काय लिहिलंय ते वाचून कुणी घेऊ नये. मागचं वाचावं, खाल्ल्यावर एकदा साखर मोजावी. आणि तुम्हाला दुपारी मूठभर शेंगदाणे चालत असताना हे कशाला लागतंय?"

घरी येऊन मी साडूंना फोन लावला. शांतपणे सगळं सांगितलं. म्हटलं माणूस नकळत चुकला असेल, तर त्याला संधी द्यावी.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "त्याला नेट कार्ब म्हणतेत. तुम्हाला न्हाई कळायचं त्यातलं. तुम्ही आपलं गाड्यांचं बघा." आणि हसले. बैठकीतलं तेच हसू.

दुसऱ्या दिवशी बायकोनं बहिणीला फोन केला. मी शेजारीच बसलो होतो. बायकोनं सहज विचारलं, भाऊजी बार खातात का गं स्वतः? पलीकडून मेव्हणी भाबडेपणानं म्हणाली, "ते कुठं खातेत अक्का? त्यांना सोसत न्हाई. मागं त्यांचीच साखर निघाली ना, तवापासून हातसुद्धा लावत न्हाईत. सकाळी पनीर खातेत न् दाणे. कुणाला सांगू नको हां, जिमवाल्याला साखर हाय म्हणल्यावर गिऱ्हाईक येत न्हाई."

बायकोनं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.  माणसाला माहीत होतं. स्वतः तो हात लावत नव्हता आणि मला खोक्यावर खोकी पाठवत होता.

त्याच आठवड्यात लातूर आगाराचा एक चालक केबिनमध्ये डोकावला. "साहेब, तुम्ही लातुरात झळकून राहिलाव की!" त्याच्या मोबाइलवर फोटो होता. चौकात मोठा फलक, त्यावर मी. डावीकडं ढेरीवाला, उजवीकडं बारीक. खाली, आमच्या लो-कार्ब बारची कमाल, माझ्या साडूंनी करून दाखवलं, तुम्हीही करा. बायकोनं किसलेली फुलकोबी, माझे डोकं दुखण्यात गेलेले दिवस, सगळं त्या सोनेरी कागदाच्या नावावर लागलं होतं.

आणि मग त्यांचाच फोन. जुन्या दुकानाच्या जागी मोठं दुकान होत होतं. उद्घाटनाला मी यावं, दोन शब्द बोलावेत. "तुमचा आवाज भारी हाय साडूभाऊ. मागचं मनावर घेऊ नका, थट्टा होती ती."

"येतो की," मी म्हणालो. "घरचंच कार्य हाय."

एवढ्या गोड आवाजात मी आयुष्यात कधी बोललो नसेन.  पुढचे दिवस मी केबिनमध्ये बसून मुदखेडची गाडी सांगत होतो आणि मनात त्या दुपारचा एकेक क्षण रचत होतो. कुठं उभं राहायचं, कधी थांबायचं, कुणाच्या हातात यंत्र द्यायचं. फार दिवसांनी मला जगायला मजा येत होती. डॉक्टरांना विचारून घेतलं, सकाळी उपाशी राहिलो तर चालेल का. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "गोळी जेवणानंतरच घ्या. आणि काय झालं ते मला येऊन सांगा."

मांडव भरलेला होता. व्यायामशाळेतली पोरं, गल्लीतल्या बायका, व्यापारी, पुढच्या खुर्च्यांवर कपाळाला भस्म लावलेले सासरे आणि सासूबाई. प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांच्या हाताखाली अर्धं लातूर शिकलेलं. फीत कापून झाली आणि साडूंनी माझी ओळख करून दिली, की हा बघा जिवंत पुरावा.

मी माईक घेतला. "मंडळी," मी म्हणालो, "मी पुरावा आहे, तर पुरावा तपासून घ्या. सकाळपासून मी पाण्याशिवाय काही घेतलं नाही." खिशातून यंत्र काढलं, बोट टोचलं आणि ते यंत्र मुख्याध्यापकांच्या हातात दिलं. त्यांनी मोठ्यानं आकडा वाचला. एकशे अठरा. टाळ्या पडल्या. साडूंनीही वाजवल्या. त्यांना वाटलं मी त्यांचंच काम करतोय.

मग मी टेबलावरचा त्यांचा बार उचलला, सगळ्यांना दाखवला, सावकाश खाल्ला आणि खुर्चीत जाऊन बसलो. भाषणं चालू झाली. लातुरात भाषणांना तोटा नाही. तास कसा गेला कळलं नाही. साडू मधून मधून माझ्याकडं बघत होते, आणि हळूहळू त्यांचं हसू बारीक होत गेलं. त्यांना कळायला लागलं होतं. पण सगळ्या मांडवासमोर ते मला काय म्हणणार होते?

आभाराच्या आधी मी पुन्हा उठलो, पुन्हा टोचलं. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला, आकडा बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि माईक तोंडाशी नेऊन म्हणाले, "दोनशे सव्वीस."

 मी तिथंच, गाडीची सूचना देतो त्याच आवाजात, तितक्याच संथपणे सांगितलं. माझं वजन बायकोच्या हातच्या जेवणानं उतरलं. या बारनं माझी साखर चढवली. कागदाच्या मागं खजूर आहे, माल्टिटॉल आहे, घरी जाऊन वाचा. धोंड्याच्या जेवणात मला जिलेबीचोर म्हणून हसलात, ती जिलेबी हीच होती.

"साडूभाऊ, काय तरी गडबड हाय मशीनमधी," साडू म्हणाले. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"असंल," मी म्हणालो. "मग तुम्ही बघा. तुमचाच माल हाय, तीन ग्रॅम कार्ब. खा." आणि एक बार सोलून त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी तो घेतला. घेतला नसता तर तिथंच संपलं असतं. दोनशे डोळे त्यांच्या हाताकडं लागले होते. त्यांनी तोंडाजवळ नेला, आणि तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून मेव्हणी उठून ओरडली, "अहो, नका खाऊ! कालच तुमची साखर अडीचशे निघाली!"

तिनं लगेच तोंडावर हात ठेवला. साडूंनी बार टेबलावर ठेवला. मागं कुणीतरी फस्सकन हसलं, मग दुसरं, मग सगळा मांडव. मी हसलो नाही. मी त्यांच्याकडं बघत राहिलो, त्यांनी नजर खाली घालेपर्यंत. ती घालायला त्यांना जरा वेळ लागला, आणि तो वेळ मी पुरेपूर घेतला.

चौकातला फलक दुसऱ्या दिवशी उतरला. बार दुकानातून गेले. दुकान चालू आहे, डबे आणि हातमोजे विकतात. गिऱ्हाईक तुटलं असं ऐकतो. सासूबाई माझ्याशी बरेच महिने बोलल्या नाहीत. "घरचं घरात बोलायचं असतं," एवढंच त्यांनी निरोपात सांगितलं. मी उलटा निरोप पाठवला, की मला हसलात ते बैठकीत हसलात, तेव्हा घर आठवलं नाही. सासऱ्यांनी मात्र एकदा स्वतः फोन केला. बराच वेळ पाऊसपाणी विचारलं आणि शेवटी म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला बोललो. बोलायला नको होतं." तेवढं मला पुरलं.

मेव्हणीचं तेवढं खुपतं. तिचा काही दोष नव्हता, ती नवऱ्याच्या काळजीनं ओरडली. आता दोघी बहिणी सणावाराला फोनवर बोलतात, पण पहिल्यासारखं तासन् तास नाही. बायको मला त्याबद्दल कधी बोलत नाही. एकदाच म्हणाली, "दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं झालं नसतं का?" मी विचार केला. फोन केला होता. संधी दिली होती. "न्हाई," मी म्हणालो.

माझी साखर पुढच्या तपासणीत उतरली. डॉक्टरांनी सगळी हकीकत दोनदा ऐकून घेतली.

मागच्या महिन्यात उदगीरला एका लग्नात साडू दिसले. जेवणाच्या रांगेत माझ्यापुढं तीन माणसं सोडून उभे होते. टी-शर्ट जरा सैल झालेला. त्यांनी भात टाळला, पुरी टाळली, पनीर आणि काकडी घेतली. मग वळले आणि मला बघितलं.

"झालं का समाधान?" ते हळूच म्हणाले.

चांगुलपणाचं काहीतरी बोलावं असं माझ्या मनात येऊन गेलं. शेजारी बायको होती, तिनं माझा कोपर हलकेच दाबलाही. पण मला परतीची ती गाडी आठवली, खिडकीकडं वळलेलं तिचं तोंड आठवलं.

"अजून न्हाई," मी म्हणालो, आणि पनीर वाढून घ्यायला ताट पुढं केलं.